पत्ता म्हण

वानखेडे काकांनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझं नाव विचारलं नाही. प्रवास कसा झाला, जेवलास का, थंडी वाजते का, यातलंही काही नाही. बर्मिंगहॅमच्या विमानतळावर दोन हातांत दोन बॅगा आणि दातांत पासपोर्ट अशा अवस्थेत मी बाहेर आलो. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "पत्ता म्हण."

पाढे म्हण, तसं. मी दातांतला पासपोर्ट काढला आणि घाबरून कराडचा पत्ता म्हटला.

"तो झाला जुना. आता इथला म्हण."

इथला पत्ता फोनमध्ये होता. मी खिशात हात घालताच काकांनी मान हलवली. "फोन राहू दे. पत्ता जिभेला पाहिजे अन् रस्ता पायाला. फोन काय, केव्हाही मरते."

मग तिथेच, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या गर्दीत, त्यांनी माझ्याकडून माझा पत्ता चार वेळा म्हणून घेतला. घर नंबर सत्तेचाळीस, व्हिक्टोरिया रोड, हार्बर्न, बर्मिंगहॅम, आणि वर पोस्टकोड. मी 'हार्बर्न' गाळून पुढे गेलो की ते थांबवायचे. "या शहरात व्हिक्टोरिया रोड किती आहेत हे त्या राणीलाही ठाऊक नसेल. रोडच्या पुढचं म्हण." शेजारी एक गोरा पोलीस उभा होता. त्यालाही बहुधा माझा पत्ता पाठ झाला असावा.

काका मूळचे नागपूरचे. पंचाहत्तरीला आलेले, काटक, डोक्यावर लोकरीची टोपी, गळ्यात दोरीला अडकवलेला ज्येष्ठ नागरिकांचा बसचा पास. इथल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये पस्तीस वर्षं रक्त-लघवी तपासून निवृत्त झाले. घरात भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, आणि त्यांच्या खाली, जवळपास त्याच आदराने चिकटवलेला, शहरातल्या बसमार्गांचा नकाशा. कुणी नवा मराठी माणूस बर्मिंगहॅमला येणार, ही बातमी त्यांना व्हिसा अधिकाऱ्यानंतर दुसऱ्या नंबरला कळत असे. मग काका त्याला आणायला विमानतळावर जात. गाडी नव्हती, म्हणून ट्रेन आणि बस. हातात पुठ्ठ्याचा एक तुकडा, त्यावर जाड काळ्या अक्षरांत देवनागरीत एकच शब्द: 'या.' नाव नाही, कंपनी नाही. "वाचता आलं तो आपला," असा हिशेब.

टॅक्सी त्यांना वर्ज्य होती. तब्येतीमुळे नाही, पैशामुळेही नाही. मद्यपान वर्ज्य असतं तशी. "टॅक्सीत माणूस जात नाही, बाबू. पार्सल जाते. इथून उचललं, तिथं टाकलं. पार्सलला काय माहीत आपण कुठं आहो?"

बसमध्ये मात्र ते जावयासारखे चढत. इथे उतरताना ड्रायव्हरला 'थँक यू' म्हणायची पद्धत आहे, सगळेच म्हणतात. काकांचं तेवढ्यावर भागत नसे. ते चढताना नव्या माणसाची ड्रायव्हरशी ओळख करून देत. माझीही दिली. "गुड मॉर्निंग. धिस इज उमेश. न्यू. ही विल गेट डाउन अॅट हार्बर्न. प्लीज लुक आफ्टर." माझ्यामागे पंधरा माणसं पावसात उभी होती. मी एका बहुराष्ट्रीय कंपनीचा सीनिअर कन्सल्टंट, बत्तीस वर्षांचा, मिशा असलेला. ड्रायव्हर सरदारजी होता. त्याने माझ्याकडे बालवाडीत सोडलेल्या मुलाकडे पाहावं तसं पाहिलं आणि गंभीरपणे म्हणाला, "नो वरीज, अंकल."

दुमजली बसच्या वरच्या मजल्यावर सगळ्यात पुढची, मोठ्या काचेसमोरची दोन जणांची सीट. काका आतल्या बाजूला बसत, खिडकी नव्या माणसाला. "खिडकी नव्याची," हा नियम. नवा नसेल तर खिडकीत कापडी पिशवी. बस कितीही भरो, कुणी विचारलं तर पिशवी उचलून मांडीवर घेत, पण स्वतः खिडकीत सरकत नसत. मला हे विक्षिप्त वाटे. त्यांच्यातल्या अनेक विक्षिप्त गोष्टींपैकी एक म्हणून मी ते मित्रांना नक्कल करून दाखवत असे. नक्कल बरी करतो मी. माणसात काही ना काही गुण असावा लागतो.

आठ दिवसांनी परीक्षा. काका मला शहराच्या मध्यावर घेऊन गेले, माझा फोन आपल्या खिशात घातला, म्हणाले, "घरी ये," आणि गर्दीत दिसेनासे झाले. मी दोन तास भटकलो. तीन बायकांना आणि एका पुतळ्याला रस्ता विचारला. शेवटी घरी पोचलो तेव्हा काका पायरीवर बसून चहा पीत होते, थर्मासमधला. "पास," म्हणाले. "पण फर्स्ट क्लास नाही. अकरा नंबरनं आला असता तर अर्धा तास वाचला असता." अकरा नंबर म्हणजे शहराला बाहेरून वळसा घालणारी बस. काकांची लाडकी. "रिंगणात जाते. कुठंही चढ, घरी येशीलच."

त्यांच्या हातून असे पन्नासेक जण तरी पास झाले असतील. सॉफ्टवेअरवाले, बँकवाले, नर्सा, डॉक्टर. सगळे त्यांच्यावर हसतात आणि सगळ्यांना आपला पत्ता पोस्टकोडसकट पाठ आहे.

इथवर मी काकांबद्दल सांगितलं. आता जे सांगायचं आहे ते माझ्याबद्दल आहे आणि ते सांगताना कान गरम होतात.

गेल्या वर्षी माझे आईबाबा पहिल्यांदा इकडे यायचे होते. बाबा पाटबंधारे खात्यातून शाखा अभियंता म्हणून निवृत्त झाले. नोकरीत असताना त्यांच्या दिमतीला सरकारी जीप होती आणि ती गेल्याला अकरा वर्षं झाली तरी ते अजून कुठेही जाताना दारात येऊन क्षणभर थांबतात. आमच्याकडे पाहुण्याला आणायला कोण आलं, कशातून आलं, यावर पुढची दहा वर्षं बोललं जातं. बाबांनी फोनवर विचारलं, "न्यायला गाडी येईल ना?" मी म्हणालो, "म्हणजे काय." मग ते म्हणाले, "तुझीच ना?" इथे मी जरा थांबलो. तो थांबा इतका लहान होता की सात हजार किलोमीटरवर पोचेपर्यंत विरून गेला असावा. "हो," मी म्हणालो. त्याच संध्याकाळी बाबांनी ही बातमी निम्म्या कराडला सांगितली. घराचंही तसंच झालं होतं. मी कधीतरी 'माझं घर' म्हणालो होतो. भाड्याचं, हा शब्द बोलायचा राहून गेला.

तोवर काकांना बातमी लागली होतीच. "उमेश, आईवडील येऊन राहिले म्हणे. कोणत्या दिवशी?"

आता माझ्या डोळ्यांसमोर चित्र उभं राहिलं. बाबा सफारी घालून बाहेर येतात. समोर लोकरीची टोपी आणि पुठ्ठा. "पत्ता म्हणा." मग चार बॅगांसह बसची रांग. "धिस इज उमेश्स फादर. न्यू. प्लीज लुक आफ्टर."

"रविवारी," मी म्हणालो. "सकाळी साडेअकराला."

विमान शनिवारी दुपारी होतं.

काकांनी माझ्याकडे थोडा वेळ पाहिलं. "रविवारी साडेअकरा. नक्की?"

"नक्की, काका."

"बरं. मी येतो."

माझी योजना साधी होती. शनिवारी आईबाबांना टॅक्सीने आणायचं. टॅक्सीवाल्याला आधीच सांगून, म्हणजे ड्रायव्हर ठेवलाय असं बाबांना वाटेल अशा बेताने. मग रात्री काकांना मेसेज टाकायचा: अचानक तिकीट बदललं, आजच आले, तुम्ही त्रास घेऊ नका. 'त्रास घेऊ नका' हे शब्द मी मनात तयारही करून ठेवले होते. फसवायचं ठरवल्यावर माझ्या भाषेला एकदम वळण येतं.

शनिवारी सगळं छान सुरू झालं. काळी चकचकीत गाडी, मीरपूरचा एक अदबशीर ड्रायव्हर. त्याने बाबांसाठी दार उघडलं. बाबा माझ्याकडे पाहून फक्त एकदा मान हलवून आत बसले. आईने मागे माझा हात धरला, तो शेवटपर्यंत सोडला नाही. मी फोनवर बाबांना ऑफिसचे फोटो दाखवत होतो, माझ्या खुर्चीचे, माझ्या बॉसचे, बॉसच्या खुर्चीचे. बाहेर बघायला सवड नव्हती. बघितलं असतं तरी कळलं नसतं म्हणा. मला विमानतळावरून घरी यायचा ट्रेनचा रस्ता ठाऊक, बसचा ठाऊक. टॅक्सी कुठून जाते मला काय माहीत.

वीस मिनिटांत गाडी थांबली. मला वाटलं, पाहा, टॅक्सीने किती लवकर येतं. आमच्या रस्त्यावर आहेत तशीच लाल विटांची एकाला एक चिकटलेली घरं, समोर 'व्हिक्टोरिया रोड' पाटी, दारावर सत्तेचाळीस. बॅगा उतरल्या, गाडी गेली. मी खिशातून किल्ली काढली, मागे वळून "या, आपलं घर," असं म्हणालो आणि किल्ली घातली.

किल्ली फिरेना. कुलपाला तेल लागतंय म्हणत मी हसलो. दोन्ही हातांनी फिरवली. खांदा लावला. तेवढ्यात दार आतून उघडलं आणि मी जवळजवळ एका म्हाताऱ्या बाईंच्या अंगावर पडलो. पांढरे केस, अंगात फुलाफुलांचा एप्रन, हाताला पीठ.

"यू ऑल राइट, बॅब?" त्या म्हणाल्या. इथल्या बायका कुणालाही 'बॅब' म्हणतात, आपल्याकडे 'बाळा' म्हणतात तसं.

मागून बाबांचा आवाज आला, "भाडेकरू ठेवल्यात का?"

मी बाईंना विचारलं, हे हार्बर्न ना. त्या इतक्या हळुवारपणे हसल्या की मला तिथल्या तिथे विरघळून गटारात वाहून जावंसं वाटलं. "अर्डिंग्टन, बॅब." म्हणजे शहराचं बरोबर दुसरं टोक. टॅक्सी बोलावताना मी घर नंबर आणि रस्ता टाकला होता, फोनने चार व्हिक्टोरिया रोड पुढे केले होते आणि मी ऐटीत पहिल्यावर बोट ठेवलं होतं. ड्रायव्हरची काही चूक नव्हती. त्याला जे सांगितलं तिथे त्याने पार्सल टाकलं होतं.

दुसरी टॅक्सी बोलवायला फोन काढला तर तो मेलेला. बॉसच्या खुर्चीने त्याची शेवटची धुगधुगी घेतली होती.

आणि आई. ती फुटपाथवर मोठ्या बॅगेवर बसली, पदर अंगाभोवती घट्ट ओढून घेतला, आणि अनोळखी घरांच्या त्या लांबच लांब रांगेकडे पाहत राहिली. सोळा तासांचा प्रवास करून आलेली, इंग्रजी न येणारी माझी आई, परक्याच्या दारात. मी तिच्याकडे पाहिलं आणि दुसरीकडे बघू लागलो.

बाईंनी चहा विचारला, फोन देऊ केला. पण तोवर मला कोपऱ्यावरचा बसस्टॉप दिसला होता, त्यावर अकराचा आकडा. कुठंही चढ, घरी येशीलच.

आम्ही अकरा नंबरने घरी आलो. सव्वा तास. बॅगा खाली रॅकमध्ये कशा रचायच्या, बाबांना पायरीवर कुठे धरायला सांगायचं, बेल कधी दाबायची, सगळं मला येत होतं. माझ्या पायांना येत होतं. आई मधेच म्हणाली, "बरी आहे की गाडी. सगळं गाव दिसतं." बाबांनी दोन-तीन स्टॉप मला न्याहाळलं. मग म्हणाले, "हे बाकी सराईतासारखं जमतंय तुला. कुणी शिकवलं?"

"कुणी नाही," मी म्हणालो. "आपलं आपणच शिकायचं इथे."

इतका वेळ जे झालं तो गाढवपणा होता. हे वाक्य गाढवपणा नव्हतं. त्याला वेगळा शब्द आहे आणि तो मला माहीत आहे.

घरी आल्यावर खरं घर, खरं भाडं, नसलेली गाडी, सगळं एकेक करून बाबांना कळलं. ते रागावले नाहीत. "मग आधीच सांगायचं," एवढंच म्हणाले, आणि ते रागावण्यापेक्षा वाईट होतं. फोन चार्जिंगला लावला आणि मी आडवा झालो. काकांना करायचा मेसेज, ते वळणदार 'त्रास घेऊ नका', सगळं माझ्याबरोबर झोपी गेलं.

रविवारी दुपारी आम्ही जेवायला बसलो होतो. आईने आणलेली शेंगदाण्याची चटणी, भाकरी. आई म्हणाली, "इथं आपलं कुणी मोठं माणूस नाही का रे ओळखीचं? कुणाच्या तरी पाया पडल्यासारखं वाटेल."

घास तोंडातच राहिला. घड्याळात अडीच वाजले होते.

काकांना फोन लावला. कुणी उचलेना. काका फोन घरी, बुद्धाच्या फोटोशेजारी ठेवतात आणि आपण बाहेर पडतात. मी भाकरी टाकून पळालो. रविवारच्या बस तशाही कमी. बस, मग ट्रेन, आणि पूर्ण वाटभर मी एक नवं खोटं जुळवत होतो. विमान रद्द झालं. तारीख बदलली. मी आजारी पडलो. ट्रेनसाठी न्यू स्ट्रीट स्टेशनला पोचेपर्यंत माझ्याकडे तीन चांगली खोटी तयार होती.

काका विमानतळावर येणाऱ्यांच्या दारासमोर, शेवटच्या बाकावर बसले होते. कोट, लोकरीची टोपी, गळ्यात पास. गुडघ्यावर पुठ्ठा, 'या' समोर दिसेल असा. शेजारी थर्मास आणि एक स्टीलचा डबा. दार उघडलं की ते पुठ्ठा थोडा वर उचलत, बंद झालं की खाली ठेवत. मी लांब उभा राहून हे तीनदा पाहिलं. मग एकही खोटं उरलं नाही.

"काका."

त्यांनी वर पाहिलं, मग माझ्या मागे. मागे कुणी नव्हतं.

"ते काल आले, काका. शनिवारी. मी तुम्हाला मुद्दाम रविवार सांगितला होता."

"हं," काका म्हणाले. "बस."

मी बसलो. त्यांनी थर्मासच्या झाकणात चहा ओतून माझ्या हातात दिला. चहा गार होता.

"रविवारी साडेअकराले तिकडून एकही विमान येत नाही," ते म्हणाले. "तू सांगितलं तेव्हाच समजलं होतं मले."

"मग आलात कशाला?"

"माणूस दिवस चुकतो, वेळ चुकतो. तू चुकून सांगितलं असतं तर?" त्यांनी पुठ्ठा उलटा केला, पुन्हा सुलटा केला. "खोटं असलं तर माझा एक रविवार गेला. खरं असलं तर बाई बसून राहिली असती ना इथं."

मी मग सगळं सांगितलं. गाडी, जीप, सफारी, चार व्हिक्टोरिया रोड, न फिरणारी किल्ली. सांगता सांगता माझ्यातला नकलाकार जागा झाला. 'भाडेकरू ठेवल्यात का'वर काका हसतील म्हणून मी थांबलोसुद्धा. काका हसले नाहीत.

"आई कुठं बसल्या होत्या?" त्यांनी विचारलं.

"फुटपाथवर. बॅगेवर."

दार दोनदा उघडलं, दोनदा मिटलं. काकांनी पुठ्ठा उचलला नाही.

"सुमनही बॅगेवरच बसली होती," ते म्हणाले.

सुमन म्हणजे काकू. मी त्यांना कधी पाहिलं नाही. मी यायच्या दोन वर्षं आधी त्या गेल्या. लग्नानंतर सात महिन्यांनी त्या पहिल्यांदा इकडे आल्या, तेव्हा काका नोकरीला नवे होते. लॅबमध्ये एक जण आजारी पडला आणि त्यांना सुटी मिळेना. त्यांनी हॉस्पिटलच्या फोनवरून टॅक्सी सांगितली. खोली आठवड्यापूर्वीच बदललेली. घाईत घर नंबर सांगितला, रस्ता सांगितला. पुढचं सांगायचं राहिलं.

"चूक टॅक्सीवाल्याची नव्हती. अर्धा पत्ता मीच दिला होता. पार्सलसारखी पाठवली मी तिला." काका समोर पाहत बोलत होते. "नोव्हेंबर होता. चार तास. मी ड्यूटीवरून घरी आलो तर ती नाही. मग शोधत गेलो, एकेक रस्ता. समोरच्या घरच्या बाईनं तिला कपात चहा आणून दिला होता. तो तिच्या हातात तसाच होता. कुणाचं काही कसं घ्यावं म्हणून पिली नाही, अन् परत कसं द्यावं म्हणून ठेवलाही नाही."

"रागावल्या असतील."

"नाही ना. जन्मात एक शब्द बोलली नाही त्याबद्दल. पण टॅक्सीत पुन्हा बसली नाही. बसनं जायची. वर, समोर, खिडकीत. प्रत्येक स्टॉपचं नाव मोठ्यानं वाचायची." त्यांनी पुठ्ठ्याचा दुमडलेला कोपरा सरळ केला. "एकदा भांडली असती तर बरं झालं असतं."

मी झाकणातला गार चहा संपवला आणि झाकण पुसून परत दिलं.

काकांनी डबा माझ्याकडे सरकवला. "सांबारवड्या आहे. आईसाठी केल्या होत्या, सकाळच्या आहे." सांबार म्हणजे नागपूरकडे कोथिंबीर, हे आम्हा कराडकरांना सांगावं लागतं. त्यांनी आज मला ते सांगितलं नाही.

"तुम्हीच द्या की, काका," मी म्हणालो. "आई म्हणत होती, कुणी मोठं माणूस नाही का इथे. आणि बाबांना सांगायचंय मला, बस कुणी शिकवली ते."

काका उठले. पुठ्ठा पिशवीत घातला, टोपी नीट केली. "चाल मग. चार दहाची ट्रेन सापडते."

ट्रेनने शहरात आलो, मग बस. ड्रायव्हर एक तरुण मुलगी होती. काकांनी पास दाखवला आणि नेहमीच्या सवयीने माझ्याकडे वळले, मग थांबले. मीच पुढे झालो. "गुड आफ्टरनून," मी म्हणालो. "धिस इज मिस्टर वानखेडे. ही विल गेट डाउन अॅट हार्बर्न. प्लीज लुक आफ्टर." माझ्यामागे दहा माणसं होती. मला आजपर्यंत एवढी कमी लाज कधी वाटली नव्हती. मुलगी हसून म्हणाली, "विल डू."

वर पुढची सीट रिकामी होती. काका नेहमीप्रमाणे आतल्या बाजूला बसायला वळले, मला खिडकी दाखवत म्हणाले, "बस. आज तू नवा." मी बसलो. त्यांनी कापडी पिशवी मांडीवर घेतली.

दुकानं गेली, चर्च गेलं, एक मोठं बंद पडलेलं सिनेमागृह गेलं. मी हळूच विचारलं, "काका, ते घर कुठलं होतं? काकू जिथे बसल्या होत्या ते."

मला वाटलं, ते हात उडवतील, एवढ्या वर्षांनी कोणाला आठवतं, असं काहीतरी. काकांनी समोरच्या काचेतून नजर न काढता म्हणायला सुरुवात केली. घर नंबर, रस्ता, भाग, बर्मिंगहॅम, आणि पोस्टकोड, अक्षर-आकडा, आकडा-अक्षर, एकदाही न अडखळता, आम्हाला सगळ्यांना शिकवलेल्या त्याच चालीत.

मग त्यांनी हात वर करून बेल दाबली.

आमचा स्टॉप अजून दोन स्टॉप पुढे होता. त्या घराचा रस्ता मात्र इथेच होता. पिशवी त्यांच्या हातातून घेतली, त्यांच्या मागोमाग जिना उतरलो. काकांनी ड्रायव्हरला थँक यू म्हटलं, मीही म्हटलं, आणि आम्ही उरलेला रस्ता चालत गेलो.